रुखवतातली विलायती फुलं

२०१४ सालच्या चैत्रातली ही गोष्ट. सेलूची बस चुकली म्हणून राजेश्री देवगाव फाट्यावर नागेशच्या फ्रेमांच्या दुकानात सावलीला टेकली. भिंतीवरच्या देवांवरून तिची नजर त्याच्या हातांवर आली... काच कापताना त्या हातांना जराही घाई नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा आली. आजोबांनी हैदराबादच्या बागेतल्या नोकरीतून आणलेली फुलांची जुनी विलायती चित्रं सोबत होती. तिचा साखरपुडा झालेला. चित्रं रुखवतात मांडायची होती.

“छापलेली हायत का काढलेली, ताई?”

“रेघा छापलेल्या, रंग हातानं भरलेत. आणि ताई म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“काहीच नका म्हणू... बघा नुसतं.”

तो बघत राहिला — चित्रातल्या कर्दळीकडे की तिच्याकडे, कोण जाणे!

मग “झालं का?” विचारायला तिच्या खेपा सुरू झाल्या. एकदा नागेशनं डेलियाचं चित्र उजेडात धरलं.

“ही पाकळी कोरीच राहिली बघा. रंगवणाऱ्याचं ध्यान उडालं वाटतं.”

“समोरून कुणी गेलं असेल.”

“लय देखणं असंल!”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लग्न आठ-दहा दिवसांवर आलेलं. यानं एक शब्द टाकला, तर ती वडिलांसमोर उभी राहणार होती.

“घाई करू नका,” ती हळूच म्हणाली. “नाही झालं वेळेत, तरी चालेल. लग्न काय... मोडताही येतं.”

नागेशनं चित्र खाली ठेवलं. “असं अभद्र बोलू नये. लग्नाच्या कामाला आमी उशीर करत न्हाई. वडलांपासूनची रीत हाय.”

दोन दिवसांत सगळ्या फ्रेमा घेऊन तो स्वतः दारात हजर! आई चहा ठेवायला आत गेली.

“तुमाला काहीच बोलायचं न्हाई?” राजेश्रीनं त्याच्याच बोलीत विचारलं.

तो फ्रेमेच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. “काम... पसंत न्हाई का?”

“लय पसंत हाय,” ती म्हणाली आणि आत वळली. चहा न घेताच तो गेला.

एक शब्द तिनं तरी कुठं सरळ टाकला होता?

पुढं रस्ता रुंद झाला, दुकान गेलं. नागेश सेलूत फ्लेक्स छापतो. बायको आहे, मुलगा आहे. राजेश्री नांदेडात असते. नवरा इतका भला मिळाला, की मनातली हळहळ कुणाच्या माथी मारायचीही सोय उरली नाही.