शमपट्टी

वेसुव्हियस पाहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर तिकिटाबरोबर शमपट्टी बांधली जाई. पायथ्याच्या गावांतली माणसं तर ती अंघोळीलाही काढत नसत. ज्वालामुखी जागा होणार याचा सुगावा आता आधीच लागे; पण मागच्या खेपेला धोक्याचा भोंगा वाजल्यावर अशी पळापळ झाली, की राखेचा कणही पडायच्या आत माणसं चेंगरून मेली. त्यानंतर हा उपाय निघाला.

साताऱ्याहून आलेल्या कुटुंबाला तो समजावत होती डॉ. लुचिया फेर्रांते. पट्टी घडवणाऱ्यांपैकी ती एक. कानातल्या दुभाष्या यंत्रातून तिचं बोलणं मराठीत ऐकू येई. मेंदूत बदामाएवढा एक भाग भीतीची घंटा वाजवतो. पट्टी नसेतून सूक्ष्म स्पंदनं पाठवून ती घंटा धरून ठेवते.

"धोका कळतो," ती म्हणाली. "छाती धडधडत नाही, एवढंच."

"मग आमच्या हेमांगीला दोन बांधा," तिचा नवरा निशिकांत म्हणाला.

हेमांगी हसली. नवरा पुण्याला पोचल्याचा फोन येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. लेकीवर, रेवावर लक्ष ठेव, असं त्यांच्या घरात कुणी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. सात वर्षं ते काम हेमांगीची काळजीच करत आली होती.

सासऱ्यांना, तात्यांना, पट्टीतून सूट मिळाली. त्यांच्या छातीत पेसमेकर होता.

विवराच्या कडेला रेवा कठड्यावर ओणवली. खालून वाफा येत होत्या. तात्या मागून तिचा फ्रॉक धरून उभे राहिले. हेमांगीला वारा गार लागला, ऊन बरं वाटलं. उतरताना बसमध्ये तिला चक्क झोप लागली. दिवसाढवळ्या, प्रवासात, लग्नानंतर पहिल्यांदाच.

दुपारी पाँपेई, वेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलेलं जुनं शहर. तात्यांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते फाटकाबाहेर पाइनच्या सावलीत बसले. बाकीचे तिघं डॉक्टरबाईंबरोबर आत गेले. गाड्यांच्या चाकांनी दगडी रस्त्यात पाडलेल्या चाकोऱ्या पाहिल्या, बेकरीतली माणसापेक्षा उंच जाती पाहिली. भट्टीचं तोंड अजून काळं होतं. रेवा तिथे फतकल मारून बसली.

तेवढ्यात जमीन हलली आणि भोंगा वाजला.

कुणी ओरडलं नाही. माणसं रांगेने बाहेर पडली. एकाने हातातलं आइस्क्रीमही टाकलं नाही. डॉक्टरबाई समाधानाने पाहत होत्या. हेमांगीने फाटकाबाहेर तात्यांशेजारी सावलीत चादर अंथरली.

"रेवा कुठंय?" तात्यांनी विचारलं.

"आत राहिली वाटतं." हेमांगीने धपाट्यांचा डबा उघडला. "येईल."

तात्यांनी मुलाकडे पाहिलं. निशिकांतने चटणी वाढून घेतली. "येईल ना, तात्या. बसा."

तात्या बसले नाहीत. पहारेकऱ्याचा हात झटकून ते त्या गुडघ्यांनी आत धावले. त्यांच्या हाका बराच वेळ ऐकू येत होत्या, मग थांबल्या. हेमांगीने चार ताटल्या मांडल्या. रेवाच्या ताटलीत साखर ठेवली, तिला चटणी झोंबते म्हणून.

तात्या परतले ते रेवाला कडेवर घेऊनच. बेकरीची एक भिंत कोसळली होती. रेवा भट्टीशी होती तशीच बसलेली. केसांत चुना, अंगावर ओरखडा नाही. ती रडली नव्हती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"आई, तू आली नाहीस?" तिने सहज विचारलं आणि धपाटं उचललं.

डॉक्टरबाई जवळ येऊन बसल्या. "ती आत आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"भिंत पडू शकते, हे?"

"तेही कळत होतं," हेमांगी म्हणाली. "उठावंसं वाटलं नाही."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. त्यांच्या मनगटावरही पट्टी होती.

तात्या मात्र हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेऊ शकत नव्हते. पाणी धोतरावर सांडत होतं. त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

"बाई, पेसमेकरवाल्यांना चालेल अशी पट्टी निघाली का हो? हे पुन्हा सोसायचं नाही मला."

"नवीन निघाली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फाटकावरच मिळेल."

मग पुढच्या वेळी आत कोण जाईल, हा प्रश्न हेमांगीच्या मनात आला. तो तिला नीट समजला. रेवाच्या केसांतला चुना झटकत ती म्हणाली,

"द्या ना त्यांना. किती थरथरताहेत बिचारे."