रिकामी पात

भूपेंद्रने दोन वर्षं कोकणचा समुद्रकाठ ड्रोनवरच्या लेसरने मोजला होता. त्यामुळे कोंढ्याजवळचा, आपल्याच गावाला लागून असलेला धरणाच्या फुगवट्याचा काठ म्हणजे त्याला डाव्या हातचा मळ वाटला. मे महिन्यातली सकाळ होती. आईबाप गेल्यावर घरात उरलेली एकुलती बहीण अंजू मोजणीची काठी धरून पाण्याशी उभी होती.

लेसर पाण्यात जिरतो, म्हणून पडद्यावर पाणी नुसतं काळं दिसतं. पण ड्रोनच्या पहिल्याच फेरीत त्या काळ्यात ठिपके उमटले. माणसाएवढे, कमरेत वाकलेले, एका ओळीत. अकरा. पाठी काठाकडे, आणि ओळीत मधेच एक जागा रिकामी.

"बगळे असतीन," तो पुटपुटला. बगळे कधी कमरेत वाकतात होय? मान वर करून पाहिलं, तर पाणी कोरं करकरीत.

दुसऱ्या फेरीत ओळ सरकली होती. तोंडं अजून पलीकडेच. त्याला हायसं वाटलं.

काठावर शेळ्या चारणाऱ्या कुंताबाईने पडदा पाहिला आणि पाण्याकडे बोट केलं.

"तिथं आमच्या धानाच्या बांध्या होत्या, बापू. धरणाचं पाणी चढलं त्या साली रोवणा अर्धाच राहिला. अकरा जणी पाण्यात गेल्या. बारावी मी, ओळीतली ती रिकामी पात माहीच. ताप होता मले, म्हणून घरी होती."

"पण मावशी, ह्या तं दूर जाऊन राहिल्या ना! पाठ इकडं हाये."

"शिकून वाया गेला तू! धान रोवतानी बाई पुढं सरकते का मांगं?"

भूपेंद्रने ड्रोन परत फिरवला. आईच्या मागे पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या फेकत वाढलेला पोरगा तो, आणि एवढं साधं विसरला!

तिसरी फेरी. ओळ काठापासून हातभर.

रिकामी जागा थेट अंजूसमोर.

"अंजू! काठी फेक! इकडं ये!" तो ओरडत धावत सुटला.

काठी चिखलात एकटीच उभी होती. अंजू गुडघाभर पाण्यात, कमरेत वाकलेली, त्याच्याकडे पाठ करून.

"अंजू, कायले गेली वं पाण्यात?"

तिने मान वर केली नाही. मुठीत पऱ्ह्यांची हिरवीगार जुडी होती, ऐन मे महिन्यात.

"थांब ना दादा. एवढी पात झाली का येतो आमी साऱ्या जणी."

आणि ती एक पाऊल मागे सरकली.