ओंडक्याचा माग

वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता. सकाळी नऊला कसंबसं उजाडलं होतं आणि साडेतीनला पुन्हा दिवे लागणार होते, म्हणून रास्माने जेवण लवकर उरकलं, खुंटीवरचा तागाचा दोर खांद्यावर टाकला आणि ती लेकीच्या घराकडे निघाली. बर्फ घोट्यापर्यंत होता. वाटेत सांस्कृतिक भवनाच्या भिंतीवर जाहिरात लावलेली होती. ती तिने परवाच वाचली होती, तरी पुन्हा वाचली आणि पुन्हा तिचं डोकं फिरलं. 'नाताळचा ओंडका. सहकुटुंब या. गरम वाइन मिळेल.'

नाताळचा म्हणे. येशूबाळ जन्मायच्या कितीतरी आधीपासून सूर्य या दिवसांत माघारी वळतो आहे, आणि तेव्हापासून आमच्या लाटवियातली माणसं ओकाचा ओंडका दारोदार ओढत आली आहेत. पाद्री आले, त्यांनी आपला सण आमच्या सणावर घोंगडीसारखा पांघरला. ठीक आहे, थंडीचे दिवस, चालायचंच. मग सोव्हिएत साहेब आले, त्यांनी दोन्ही सणांवर डोळे वटारले. तेव्हा रास्माच्या आईने 'सरपण नेतेय' असं सांगून ओंडका ओढला, पण ओढला. आणि आता सगळं मोकळं झालं, कोणी अडवणारं उरलं नाही, तर तो जाहिरातीत जाऊन बसला.

रीत साधी आहे. ओंडका प्रत्येक दाराशी थांबतो. घरातल्या माणसाने त्यावर हात ठेवायचा आणि वर्षभरात जे नकोसं झालंय ते हळू आवाजात त्याला सांगायचं. मग ओंडका पुढच्या घरी. शेवटी त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याची राख करायची. राख झाली की सांगितलेलं गेलं. नाही झाली, तर ज्याचं त्याच्या घरी परत. रास्माची आई म्हणायची, ओंडका कुणाचं काही ठेवून घेत नाही.

गावात जुन्या देवांना मानणारी माणसं आता नऊ. बाकीचे त्यांना 'झाडपुजे' म्हणून हसतात, आणि ओंडका दाराशी आला की तेच सगळ्यांच्या आधी हात पुढे करतात.

पहिला मान सगळ्यात मोठ्या दुःखाच्या घराचा. यंदा ते घर रास्माच्या लेकीचं होतं. नऊही जणांनी ओंडक्याला दोर बांधून तो तिच्या दाराशी ओढत आणला.

मादारा उंबऱ्यात उभी होती, पोटावर शाल ओढून. आठवा महिना चालू होता. याआधी दोनदा दिवस गेले होते, आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. नवरा नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात. डॉक्टरांनी जास्त उठबस करू नकोस म्हणून बजावलेलं.

"आत बस गं, थंडी बाधेल," रास्मा म्हणाली.

"हात ठेवण्यापुरती तरी उभी राहू दे, आई." तिने शालीखालून दोन इवल्याशा हातमोज्यांच्या जोड्या काढल्या. एक लाल, एक राखाडी. "हेही जाऊ देत. कपाटात असले की मी रोज उघडून बघते."

रास्माने दोन्ही जोड्या लोकरीच्या धाग्याने ओंडक्यावरच्या दोराला बांधल्या. मादाराने सालीवर हात ठेवला. अशा वेळी बाकीच्यांनी मान फिरवायची असते, ती सगळ्यांनी फिरवली, तरी रास्माला ऐकू आलंच.

"तुम्ही दोघं आता जा रे... याला राहू द्या."

रास्माने धाग्याची गाठ पुन्हा आवळली. मग ती रागावल्यासारखी म्हणाली, "वाटाणे शिजव, आणि एकही उरवू नकोस. उरले तर पुढच्या वर्षी तेवढे अश्रू. वाफेच्या शेकघराची भट्टी पेटवून ठेव. राख झाली की मी येतेच."

ओंडका निघाला. सात घरं झाली. लोहाराकडच्या नवराबायकोने रोजचं भांडण दिलं, आणि देतानासुद्धा आधी कोण बोलणार यावरून भांडली. सगळे हसले. शेवटच्या घरी म्हाताऱ्या आउगुस्तने आपला खोकला दिला. ओंडका मात्र घरागणिक जड होत गेला. नऊ माणसं ओढत होती, तरी भवनाच्या पटांगणात पोचेपर्यंत त्यांचा दम निघाला.

पटांगणात रंगीत दिवे, वाइनची टपरी, राजधानीहून बसने आलेले पाहुणे. भवनाच्या व्यवस्थापक गुंदेगाबाई पुढे आल्या. पस्तिशीच्या, बोलायला गोड, गळ्यात शिट्टी.

"आणा तो दोर इकडे, रास्माबाई. आमचा ओयार्स ट्रॅक्टरने नेईल मंचामागे. तुम्ही गाण्याला उभ्या राहा बघू, तुमच्याशिवाय गाणं कसं होणार?"

रास्माने दोर दिला. नंतर तिला स्वतःचाच राग आला तो याचा, की दोर तिने स्वतःच्या हाताने दिला.

गाणी झाली, चार वाजता काळोख पडला, मग मंचापलीकडे मोठा जाळ उठला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रास्मा जाळाकडे सरकली. रीतीप्रमाणे शेवटपर्यंत जवळ उभं राहायचं असतं. जवळ गेली आणि तिचे पाय थबकले. जळणाऱ्या लाकडाची साल पांढरी होती.

ओकाला पांढरी साल कधीपासून यायला लागली?

ती तडक गुंदेगासमोर जाऊन उभी राहिली. "हे बर्च आहे. आमचा ओंडका कुठाय?"

"हळू बोला ना," गुंदेगा हसत म्हणाली. "अहो, ओला ओक पेटतो का? पाहुणे थंडीत किती वेळ ताटकळणार? वाळलेलं बर्च कसं झटकन पेटलं. आणि तुमचा ओंडका इतका देखणा आहे, तो आपण कायमचा प्रवेशदालनात ठेवतोय. ते हातमोजे तर फोटोत फार गोड आलेत."

"गोड?" रास्माचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बाई, ते माझ्या लेकीच्या नसलेल्या पोरांचे आहेत. अख्ख्या गावाने आपलं दुखणं त्या लाकडात ओतलंय, आणि तुम्ही ते दारात शोभेला मांडलंत? लाज नाही वाटली?"

"रास्माबाई, शेवटी हे एक प्रतीकच आहे ना..."

"तुमच्यासाठी," रास्मा म्हणाली आणि वळली.

ओयार्स, भवनाचा राखणदार, टपरीआड उभा होता. तिला बघून त्याने नजर खाली घातली. "मी बाईंना सांगितलं होतं, रास्मा."

"सांगितलंस, आणि उचलून ठेवलासही. चल, किल्ली काढ."

त्याने दालनाचं कुलूप उघडलं, दिवा लावला. खोलीभर ओल्या ओकाचा कडवट वास होता. मधोमध लाल कापड घातलेला चौथरा होता, आणि चौथऱ्यावर काहीच नव्हतं. फरशीवर एक रुंद ओला पट्टा मागच्या दारापर्यंत गेला होता.

"मागचं दार बंद आहे," ओयार्स म्हणाला. "आतून... कडी लावलेली आहे, बघ. आणि किल्ली माझ्याच खिशात होती."

कडी लावलेलीच होती. ती काढून रास्माने दार ढकललं. पट्टा उंबऱ्यापलीकडे तसाच पुढे गेला होता, बर्फात, घरांकडे जाणाऱ्या पांदीच्या दिशेने. काहीतरी जड ओढत नेल्याचा माग. ओयार्सने विजेरी मागाच्या कडेला धरली आणि तो एक पाऊल मागे सरकला.

मागाच्या दोन्ही बाजूंनी पावलं होती. अनवाणी. रास्माच्या अंगठ्यापेक्षा थोडीशीच मोठी.

"हे कुठलं जनावर..."

"जनावर नाही ते," रास्मा म्हणाली.

माग उलट्या क्रमाने जात होता. शेवटचं घर आधी. आउगुस्तच्या दाराशी तो थांबून पुढे सरकलेला दिसत होता, आणि आतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू येत होता, दुपारपेक्षा खोल, थांबता थांबत नव्हता. लोहाराच्या घरात ताटल्या फुटत होत्या. दुपारी हसत दिलेलं भांडण... आता त्यात हसण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. प्रत्येक दारी ज्याचं त्याला परत मिळत होतं, आणि दुपारचं पहिलं घर आता शेवटी येणार होतं.

रास्मा धावायला लागली. सत्तावन्न वर्षांची बाई, बर्फात दोनदा पडली, उठली. पडताना ती गुंदेगाला शिव्या घालत होती, त्या जाहिरातीला, त्या गोड फोटोंना, आणि मधूनच स्वतःला. एवढी सरकारं पचवून आईने ज्याची दरवर्षी राख केली, तो ओंडका हिने एका गोड बोलण्यावर देऊन टाकला होता.

मादाराच्या अंगणात पोचली तेव्हा माग दारापर्यंत गेला होता. ओंडका उंबऱ्याला आडवा लागून पडला होता. आजूबाजूला काही हलत नव्हतं. दाराआडून लेकीचा आवाज आला.

"आई... तू आहेस का गं?"

"मीच आहे. दार उघडू नकोस."

"मघापासून कोणीतरी दार वाजवतंय." मादारा कुजबुजली. "खालून वाजतंय, आई... अगदी खालून."

"उघडू नकोस म्हणते ना. पोटावर हात ठेवून बस."

मागून ओयार्स धापा टाकत आला. दोघांनी ओंडका ढकलायला घेतला. नऊ माणसांना न झेपणारा तो ओंडका आता हलका झाला होता, सगळ्यांचं परत देऊन आला होता ना. त्यात आता एकाच घरचं उरलं होतं. ढकलताना रास्माचं लक्ष हातमोज्यांकडे गेलं. दोन्ही जोड्या दोराला तशाच बांधलेल्या होत्या, पण चपट्या नव्हत्या. आत मुठी असाव्यात तशा भरलेल्या होत्या.

रास्माचे हात थांबले. आणि तिला भीतीच्या आधी संताप आला, त्या दोघांच्या वतीने. जन्म नीट मिळाला नाही, आणि आज निरोप मिळायचा होता तर त्याचाही तमाशा झाला. जायला निघालेल्या पोरांना टाळ्यांच्या गजरात बाजूला सारून भलतंच लाकूड जाळलं होतं. त्यांनी दार वाजवू नये तर काय करावं?

ती ओंडक्याशी वाकली. "तुमचं काही चुकलं नाही, बाळांनो," ती म्हणाली. "चुकलं ते आमचं. आता मी स्वतः बघते. शेवटपर्यंत इथून हलत नाही."

अंगणाच्या कोपऱ्यात रास्माच्या आईच्या वेळची आगटीची जागा होती. ओयार्सने अंगणातल्याच शेकघराच्या भट्टीतले निखारे फावड्याने आणले. ओला ओक, न पेटणारा ओक, पहिल्या निखाऱ्याला वाळल्या गवतासारखा भडकला. त्याचा आवाज मात्र लाकडासारखा नव्हता. रास्माने कान झाकले नाहीत. आधी राखाडी जोडी जळाली, मग लाल. रास्मा आणि ओयार्स, दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ओयार्सने टोपी काढून हातात धरली होती.

राख पूर्ण थंड होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. ओयार्स म्हणाला, आता आत जा, गारठशील. ती म्हणाली, "एकदा दोर सोडला आज. पुन्हा नाही." दार पुन्हा वाजलं नाही. पहाटेकडे भुरभुर बर्फ पडला आणि माग, पावलं, सगळं बुजून गेलं.

नऊला उजाडलं. रास्मा अंगावरचा बर्फ झटकून आत गेली. मादारा चुलीपाशी बसली होती, गालांवर रंग होता, समोर वाटाण्यांचं रिकामं ताट.

"रात्री केव्हातरी डोळा लागला, आई. किती दिवसांनी अशी झोपले. आणि हा बघ, सकाळपासून लाथा मारतोय. खुशाल आहे."

रास्माने तिच्या पोटावर गार हात ठेवला. लाथ बसली, चांगली जोरात. वर्षभर दाबून धरलेलं रडू तिला तेव्हा फुटलं. लेक हसत तिची पाठ थोपटायला लागली.

"आणि हे कधी केलंस गं?" मादाराने चुलीवरच्या दोरीकडे मान वळवली. "मला वाटलं, जाळलेस. म्हणजे ठेवून घेतलीस ना एक जोडी?"

दोरीवर लाल हातमोजे वाळत घातले होते. बाहेर बर्फात खेळून आलेल्या पोराचे असावेत तसे चिंब. त्यांतून एकेक थेंब तापलेल्या चुलीवर पडून चुरचुरत होता.

रास्माने हात पुढे करून एक थेंब तळव्यावर झेलला.

"हो," ती म्हणाली. "मीच घातले."