भिंतीवरचं नाव

मी बाबांशी फोनवर बोलत आर्ट गॅलरीत शिरले, तर माझ्या शिडीवर कुणीतरी चढून बसलेलं.

“सांग बाबांना, जेवलीस म्हणून,” तो वरून मराठीत म्हणाला. “आणि हा शिडी माझा आहे.”

“ही शिडी. आणि माझी आहे.”

“ओके… शेअर करू?”

तो आरव. जन्म वेम्बलीतला, नॉटिंगहॅमला आर्ट शिकायला आलेला, हसला की एकाच गालाला खळी पडायची. मी औरंगाबादची, स्कॉलरशिपवर आलेली. २००७चा मार्च, काचेच्या छतावर बारीक पाऊस, आणि आम्हा दोघांना एक अख्खी भिंत भरायला ठेवलेलं. चित्र एका बड्या अमेरिकन कलाकाराचं. तो स्वतः आलाच नव्हता, नुसत्या सूचना पाठवल्या होत्या. पेन्सिलीने रेषा ओढा, वरपासून खालपर्यंत, हाताने. एक रेष दुसरीला शिवता कामा नये. हात आमचे, नाव त्याचं. आपली सही करायची नाही. प्रदर्शन संपलं की भिंत आम्हीच पांढरी करायची.

शिवता कामा नये, हे आरवला मराठीत सांगताना मला हसू आलं. का, ते त्याला कळलं नाही.

“तुझा फुल नेम काय?”

“धम्मशीला.”

“वॉव. मीनिंग?”

“शोध की.”

त्याने ते नाव दिवसभर तोंडात घोळवलं. शिडी धरताना, चहा देताना, उगाचच. शेजारी-शेजारी रेषा ओढताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं, नि दोघांच्याही रेषा थरथरायच्या. एकदा खाली वाकले तर दिसलं… कोपऱ्यात, रेषांच्या मधोमध, पहिलीतल्या पोरासारखं वळण — धम्मशीला.

“सही करायची नाहीये आरव.”

“सही नाही ती,” तो कानापर्यंत लाल झाला. “आय लव्ह यू आहे. मराठीत तेवढंच लिहिता आलं.”

खोटं कशाला बोलू, मी विरघळले. खोडरबर खिशात होतं, ते खिशातच राहिलं.

उद्घाटनाला त्याची आई येणार होती, प्रमोदिनीकाकू. आदल्या दिवशी तो चहाच्या कपात बघत म्हणाला, “मॉमला… फक्त शीला सांगू? इझी पडेल.”

“कुणाला इझी?”

“अगं, ती ओल्ड-स्कूल आहे.”

“म्हणजे अर्थ सापडला तुला.”

“गूगल केलं,” तो म्हणाला. “मला स्वतःला काही नाही गं. आणि नावाने काय फरक पडतो? इथे भिंतीवर आपलं नाव कुठाय?”

भिंतीशेजारी त्या अमेरिकनाचं नाव हातभर मोठ्या अक्षरांत होतं. नावाने फरक पडत नाही, हे नेहमी दुसऱ्याच्या नावाबद्दलच सांगतात.

मी माझा चहा संपवला. म्हटलं, आईसमोर उभा राहिल्यावर तरी याला लाज वाटेल.

“मॉम, ही शीला.”

काकूंनी माझी हनुवटी धरली. “गोड आहेस गं. कुठली?”

“औरंगाबादची. आणि नाव धम्मशीला. धम्मशीला कडूबा वाहुळे.”

त्यांचा हात हनुवटीवरून खाली आला. हळूच, दिसणार नाही असा.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “आम्ही असलं काही मानत नाही हं.”

मी काही विचारलंच नव्हतं.

आरवने एक शब्द तरी बोलायचा होता. तो भिंतीकडे बघत उभा राहिला, जणू रेषा कुणी ओढल्या हेच त्याला माहीत नव्हतं.

प्रदर्शन संपलं. पुन्हा तीच शिडी, पांढऱ्या रंगाचा डबा आणि आम्ही. भिंत वरून पांढरी होत आली. कोपरा तेवढा राहिला.

“सॉरी,” तो म्हणाला. “मी सांगेन तिला… राइट टाइम आला की. हे तरी राहू दे ना?”

“तू लिहिलंस. तूच पूस.”

त्याने रोलर उचलला. डोळे भरले होते, ते मी नाकारत नाही. पण पहिलाच हात त्याने ‘धम्म’वर फिरवला. मागे नुसती ‘शीला’ उरली.

तिथे मात्र तो थांबला.

मी त्याच्या हातातून रोलर घेतला आणि उरलेली शीला मीच पुसली. त्या नावाची बाई तिथे कधी आलीच नव्हती.