दुसरा भोंगा

माझ्या गोष्टींत म्हैस विहिरीतून उडून बाहेर येते आणि ऐकणारे पोट धरून हसतात. ही गोष्ट त्यातली नाही. जरा सरकून बसा, दाराकडं पाठ नको.

दहिवडीच्या रस्त्याला लागून आमची वस्ती, आणि वस्तीमागं धैर्यशीलरावांची दगडाची खाण. सुरुंगाचा बार उडवायचा असला की भोंगा वाजायचा, रस्त्यावर लाल झेंडा धरून गाड्या थांबवायचे. पण तेवढ्यानं बार उडत नसे. खाणीला सगळ्यात जवळचं घर भामाआत्तीचं. भोंगा झाला की म्हातारी काशाचं ताट घेऊन बाहेर यायची, बाभळीखाली बसून ते वाजवायची. म्हणजे, आले बाहेर, उडवा. मग बार. धुरळा बसला की दुसरा भोंगा. तो ऐकून ती घरात जायची आणि आतून पुन्हा ताट वाजवायची. म्हणजे, गेले आत. दुसऱ्या भोंग्याशिवाय तिनं कधी आपला उंबरा ओलांडला नाही. एकदा गारा पडत होत्या, तरी ताट डोक्यावर धरून बसून होती; येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, वाजला का?

भामाआत्ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मुंबईच्या पोरानं घराला कुलूप घालून किल्ली माझ्याकडं दिली. ताट मात्र आईची आठवण म्हणून घेऊन गेला.

यंदा धैर्यशीलरावांनी खाण वस्तीकडं वाढवायची परवानगी मागितली. राहत्या घराच्या इतक्या जवळ ती मिळत नाही. पण भामाआत्तीचं घर पडीक ठरलं, की परवानगी मिळणार, मग खाणीला पुढचं घर माझं. आणि आधीच्या बारांनीच माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडलेली. सुला, माझी बायको, त्या भिंतीला टेकून कधी बसत नाही.

पाहणीला सरकारी मॅडम येणार असं कळलं, तसं मी आणि शेजारच्या नाथाजीनं डोकं लढवलं. घर राहतं करायचं. कुलूप काढलं, चूल पेटवली, दारात शेळी बांधली. दोरीवर सुलाचं हिरवं पातळ वाळत घातलं.

"आन् माणूस रं?" नाथाजी म्हणाला.

"माणूस रानात गेलंय म्हणायचं."

"लय शाना हायस. शेळीला इचारलं तर?"

"ती तुझ्यापेक्षा बरं बोलंल."

दिवस कलायच्या सुमाराला मॅडम आल्या. आम्ही खाणीच्या कडेला उभे. समोर घराच्या कौलांतून आमचाच धूर निघत होता, आणि मला मनातून हसू फुटत होतं.

"हे सगळं नाटक हाय, मॅडम," धैर्यशीलराव म्हणाले. "तितं कुणी ऱ्हात न्हाई. एक बार उडवून दावतो. कौलसुदिक हलायचं न्हाई."

झेंडा लागला. एक एसटी आणि उसाचा ट्रॅक्टर थांबला. भोंगा वाजला आणि विरला. वारा पडला. शेळी ओरडत होती, ती गप्प झाली.

आणि बाभळीखालून ताट वाजलं.

काशाचा आवाज पितळेसारखा फुटका नसतो. तो लांबतो. खाणीतला बार उडवणारा गडी हात मागं घेऊन उभा राहिला.

"कोण आहे तिथं?" मॅडमनी विचारलं.

धैर्यशीलराव बाभळीकडं बघत दोन पावलं मागं सरले.

"घरात माणसं असताना बार उडवत होतात? थांबवा हे. परवानगीचं विसरा."

मी मनात म्हटलं, वा रे नाथा, ताट कुठनं पैदा केलंस? आणि मागं वळलो. नाथाजी माझ्या पाठीशीच उभा होता.

"लाला..." तो हळूच म्हणाला, "ताट... तू ठिवलंवतंस?"

आम्ही घराकडं गेलो. बाभळीखाली कुणी नव्हतं. चूल विझलेली, राख सारखी केलेली. शेळी भिंतीला चिकटून उभी. दोरीवरचं हिरवं पातळ तेवढं नव्हतं.

मॅडमच्या अहवालानं खाणच बंद झाली. धैर्यशीलरावांनी यंत्रं नेली, भोंगाही नेला. माझी भिंत वाचली. वस्तीनं पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी बार उडालाच नाही. म्हणजे दुसरा भोंगा झालाच नाही.

पुढं एसटीचे ड्रायव्हर सांगू लागले. दिवेलागणीला वळणावर हिरव्या पातळातली म्हातारी बसलेली असते, मांडीवर ताट. गाडी हळू केली की विचारते, वाजला का? लोक म्हणाले, लालाची नवी थाप. मी म्हटलं, असू दे.

काल सांजेला मी सोप्यात होतो. सुला आत भाकरी थापत होती. बाहेरून कुणीतरी थकल्या आवाजात विचारलं,

"वाजला का गं?"

"न्हाई अजून, आत्ती," सुला थापता थापता म्हणाली, जुन्या सवयीनं. "तवर या की आत. बसा."

मग थापण्याचा आवाज थांबला.

आणि आत, भेगेच्या त्या भिंतीपाशी, कुणीतरी हलक्या हातानं ताट खाली ठेवलं.