उजेड न पाहिलेली वाळू

नामिबच्या वाळवंटात सकाळीच माणसाचं डोकं तापतं, आणि श्रीरंग वालावलकरचं तर त्याआधीच तापलेलं होतं. समोर लालभडक वाळूचा डोंगर उभा होता. याच डोंगराच्या एका छायाचित्राने त्याला जगभर नाव मिळवून दिलं होतं. काही वर्षांपूर्वी याच डोंगराचा एक खांदा कोसळून त्याचा मित्र, वाळूचे थर अभ्यासणारा उदयन केळुसकर, गाडला गेला होता. त्याचा देह मिळाला नव्हता. आता उदयनची बहीण, भौतिकशास्त्रज्ञ मृणालिनी, तो शोधायला आली होती आणि जागा दाखवायला वालावलकरला घेऊन आली होती. नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील, एवढ्याचसाठी तो आला होता.

पूर्वी ती त्याला श्रीरंगदादा म्हणायची. या प्रवासात तिने एकदाही म्हटलं नाही.

कोसळलेल्या ढिगाऱ्यात तिने ठिकठिकाणी लांब पोकळ सुया रोवल्या होत्या. या ‘कणस्मृती छायाचित्रणा’वर तिने उमेदीची वर्षं घालवली होती. वालावलकरने तो पसारा पाहून नाक मुरडलं आणि वाळूच्या पोटातला फोटो म्हणजे शुद्ध थोतांड आहे, असं सुनावलं.

“अंधारात पडलेला वाळूचा कण भोवतालच्या किरणोत्सर्गातून थोडी थोडी ऊर्जा साठवत जातो,” ती म्हणाली. “शतकानुशतकं. त्याला उजेड लागला, सूर्याचा असो नाहीतर दिव्याचा, की साठा रिकामा होतो. सुयांमधून मी प्रकाशाचा झोत सोडला की भरलेले कण चमकतील. रिकामे काळे राहतील.”

“मग त्याचं काय?”

“हा खांदा फार जुना. आतल्या वाळूने कित्येक शतकं उजेड पाहिलेलाच नाही. पण तुम्ही अंधार पडेपर्यंत खणत होता, असं आमच्या आईला सांगितलंत. तुम्ही उपसलेली वाळू उन्हात पडली असेल, मग वाऱ्याने परत खड्ड्यात गेली असेल. तेवढी जागा काळी दिसेल. ती सोडून बाकी ठिकाणी मी शोधीन.”

वालावलकरचा चेहरा उतरला. वाऱ्याने सगळीच वाळू उलटीपालटी केली असेल, असं त्याने म्हणून पाहिलं. वारा फक्त वरची वाळू हलवतो, असं तिने त्याला सांगितलं. मग, झोताने सगळेच कण रिकामे होणार, फोटो एकदाच निघणार, तेव्हा घाई कशाला, असं तो म्हणू लागला. तिने कळ दाबली.

पडद्यावर चित्र वरून खाली उमटू लागलं. पृष्ठभागाची काळी कड, आणि तिच्याखाली सगळं लखलखीत. खड्डा कुठेच नव्हता. आपलंच काही चुकलं, असं मृणालिनीला आधी वाटलं. मग तिने वालावलकरकडे पाहिलं, आणि तिला त्याची किळस आली.

“तुम्ही खणलंच नाही.”

तो बुटाने वाळू उकरू लागला. उदयन जागच्या जागी गेला असणार, असंच आपल्याला वाटलं होतं, म्हणाला. त्याचा तो गाजलेला फोटो अपघाताच्या आदल्या दिवसाचा असल्याचं त्याने जगाला सांगितलं होतं. तो अपघाताच्याच संध्याकाळचा होता.

“उजेड जात होता, मृणाल. ती ताजी तुटलेली कड नुसती पेटली होती. वर चढलो असतो तर पावलं उमटली असती.”

चित्र अजून पुरं झालं नव्हतं. ढिगाऱ्याच्या पोटात खोलवर एक काळा डाग उमटला, माणूस मावेल एवढा. त्या डागातून एक काळी रेघ वाकडीतिकडी वर निघाली होती. ती काय, असं वालावलकरने विचारलं.

“जुनी वाळू ओलसर असते, ढेकळांनी कोसळते. मध्ये पोकळ्या राहतात,” मृणालिनी म्हणाली. “दादाच्या शिरस्त्राणावर दिवा असायचा. जिथे जिथे तो खणत गेला, तिथली वाळू काळी झाली.”

रेघ चढत चढत पृष्ठभागाखाली हातभर अंतरावर येऊन थांबली होती.

तिने गाडीतून फावडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

“चढा,” ती म्हणाली. “आता पावलं उमटली तरी चालतील.”