चौथा बोल्ट

शाळेच्या बसगाड्यांच्या त्या गॅरेजमध्ये प्रत्येक मेकॅनिकचा रंग ठरलेला होता. लॉर्ना पेट्रिशिनचा पिवळा, ड्वेनचा पांढरा. बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगपेनाने एक रेघ ओढायची. बोल्ट ढिला पडला तर रेघ तुटलेली दिसते. शेवटचा पाना ज्याने फिरवला त्यानेच रेघ ओढायची, हा नियम तिथल्या सर्वांत जुन्या मेकॅनिकने, आर्विड नुटसनने, घातलेला. त्याचा रंग हिरवा. नोव्हेंबरात आर्विड गेला तेव्हा लॉर्नाने स्वतःच्या हाताने तो हिरवा पेन त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला, आणि मग शवपेटीचं झाकण लागलं. बोल्ट फिरवायचं त्याचं बॅटरीवरचं रॅचेट तेवढं तिच्याकडे आलं.

जानेवारीतल्या त्या सकाळी बाहेर उणे अठ्ठावीस होतं. चौदा नंबरच्या बसचं पुढचं डावं चाक उतरवून आत ब्रेकचा नवा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबून धरणारा चिमटा, चार बोल्टांनी बसवायचा होता. दुपारी दोन चाळीसला बस निघणार, एकेचाळीस मुलांना घरी सोडायला. लॉर्नाला घाई वाटत नव्हती. सव्वीस वर्षांत तिच्या हातची एकही बस रस्त्यात अडली नव्हती.

शेजारच्या बसपाशी ड्वेन आपल्या रॅचेटच्या तोंडावरचं सॉकेट बदलत होता.

"आधी बॅटरी काढ," ती मान न वळवता म्हणाली.

"दोन सेकंदांचं काम आहे गं."

"बोट जायलाही तेवढंच लागतं. आणि तो चष्मा कपाळावर काय करतोय?"

"हो, आई," ड्वेन म्हणाला. तो चाळिशीचा होता. बॅटरी मात्र त्याने काढली.

लॉर्नाने चारही बोल्ट आधी बोटांनी फिरवले, आटे सरळ बसल्याची खात्री केली. कळ आवळायच्या बाजूला आहे हे पाहिलं. शेवटी रॅचेट झटका देतं, तेव्हा बोटं लोखंडात चेपू नयेत म्हणून दोन्ही हातांनी ते धरलं आणि मग चाप दाबला. रॅचेट कुरकुरत फिरलं, धापा टाकत थांबलं. रात्रभर ते तिच्या गाडीत राहिलं होतं, बॅटरी गारठलेली होती. म्हणून काय झालं? रॅचेट नुसतं बोल्ट जागेवर नेतं. खरं आवळायचं ते लांब दांड्याच्या पान्याने. ठरलेला जोर लागला की तो टक्क वाजतो. टक्क, रेघ. टक्क, रेघ. टक्क, रेघ.

मध्येच फोन वाजला. सुटे भाग पाठवणाऱ्या माणसाशी तिने पाच मिनिटं हुज्जत घातली, परत आली, रेघ ओढली आणि रॅचेटची बॅटरी चार्जरवर लावून जेवायला गेली.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी ती परत आली, तेव्हा तीन बोल्टांवर तिच्या पिवळ्या रेघेशेजारी हिरवी रेघ होती.

"ड्वेन, हा विनोद मला आवडला नाही."

तो वाकून बघत राहिला. मग त्याने टोपी काढली. "लॉर्ना, मी तुझ्यासमोर बसून डब्यातल्या पिरोगीच्या करंज्या खात होतो. तूच म्हणालीस ना, सगळी आंबट साय मीच संपवली म्हणून?"

ते खरं होतं. गॅरेजचा मुख्य गस आठवडाभर सुट्टीवर होता. दारं आतून बंद होती.

"हिरवा पेन इथे कुणाकडेच नाही," ड्वेन हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग चौथा का सोडला?"

लॉर्ना आणखी खाली वाकली. चौथ्या बोल्टवर तिची पिवळी रेघ एकटीच होती. सरळ, स्वच्छ. तिने ती ओढलेली तिला आठवत होती. त्याआधीचा टक्क तिने आठवून पाहिला. आठवला तो फोन.

मागे टेबलावर आवाज झाला. कट्.

दोघं वळले. रॅचेट टेबलावर आडवं पडलं होतं. बॅटरीची जागा रिकामी होती, बॅटरी भिंतीपाशी चार्जरवर हिरवा दिवा दाखवत होती.

कट्. कट्. कट्.

रॅचेटचं तोंड हळूहळू फिरत होतं. आवळायच्या बाजूला. पाव वेढा फिरलं आणि थांबलं.

"चल बाहेर," ड्वेन म्हणाला.

लॉर्ना बाहेर गेली नाही. तिने लांब पाना उचलला, चौथ्या बोल्टवर बसवला आणि ओढला.

बोल्ट फिरला. फिरत राहिला. तिची रेघ तिच्या डोळ्यांदेखत तुटली.

पाव वेढा. टक्क.

"थांबलं म्हणजे आवळलं असं नाही," आर्विड म्हणायचा. सव्वीस वर्षं तीही इतरांना तेच ऐकवत आली होती.

तिने जुनी रेघ पुसली, नवी ओढली. चाक चढवलं, दहाही नट पान्याने आवळले, प्रत्येकावर पिवळी रेघ. ड्वेनला समोर उभं करून त्याच्याकडून मोठ्याने मोजून घेतलं. दोन चाळीसला बस गेली.

सव्वाचारला बस परतली. एकेचाळीस मुलं आपापल्या घरी पोचली होती. ब्रेक लोण्यासारखा लागतो, असं ड्रायव्हर बाई सांगून गेली.

"झालं ना आता?" ड्वेनने विचारलं. "घरी जा."

"चाक काढायचंय."

"कशाला?"

ती गुडघ्यांवर बसली. दहा नट, दहा पिवळ्या रेघा, एकही तुटलेली नाही. तिने चढवल्यापासून त्या चाकाला कुणी पाना लावलेला नव्हता. तिने ते उतरवलं आणि आत टॉर्च धरला.

चौथ्या बोल्टवर, पिवळ्या रेघेशेजारी, हिरवी रेघ होती.

लॉर्नाने तिच्यावर बोट टेकवलं. रंग ओला होता.